स्वालबार्डच्या कांबळे बाई

मी पीटीचा मास्तर. नकाशाशी माझा संबंध कबड्डीचं मैदान आखण्यापुरता, आणि त्यातसुद्धा भूगोलाच्या कांबळे बाईंनी एका सकाळी नाक खुपसलं.

झालं असं, की तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. मैदान आखायची फक्की मी आदल्या दिवशी खेळाच्या खोलीत ठेवून गेलतो. सकाळी येऊन बघतो तर गोणी अर्धी रिकामी आणि मैदानावर भलतंच काहीतरी आखलेलं. ना कबड्डी, ना खो-खो. एक मोठ्ठा वाकडातिकडा त्रिकोण, त्याच्या बाजूला तीनचार तुटके तुकडे, आणि त्यावर नववी ‘ब’ची पोरं उन्हात उभी. मधोमध कांबळे बाई. पदर कमरेला खोचलेला, हातात माझा फक्कीचा डबा.

“बाई, हे काय चाललंय?” मी ओरडलो. आवाज माझाही काही कमी नाही.

“स्वालबार्ड,” बाई म्हणाल्या. “सरका मास्तर, तुम्ही समुद्रात हुबं हायसा.”

मी खरंच दोन पावलं मागं सरलो. का सरलो ते मला अजून कळलेलं नाही.

भांडायला गेलो आणि उत्तर ध्रुवाजवळच्या त्या बेटांचा तास बघत उभा राहिलो. बाईंनी एका पोराला त्रिकोणाच्या मध्यावर उभं केलेलं. “तू लाँगइयरबीन. हितलं मोठं गाव. विमानतळ तुझ्याकडं हाय. आणि तू बॅरेन्ट्सबर्ग, तुझ्याकडं कोळशाची खाण. आता सांगा, ह्या गावासनं त्या गावाला कसं जायाचं?”

“रस्त्यानं,” कुणीतरी म्हणालं.

“रस्ता न्हाय. गावातल्या गावात हाय, गाव संपलं की रस्ता संपला.”

“मग एस्टी?”

“आरं, रस्ताच न्हाय तर एस्टी काय डोंगरावर चढत्या व्हय?”

“वडाप?” मागच्या पोरानं विचारलं. आमच्याकडं एस्टी नसली तरी वडापची जीप असतेच, माणसं टपावर बसवून का होईना पण नेणारच.

“वडाप बी न्हाय!” बाई अशा काही ओरडल्या की पोरं चाटच पडली. वडाप पोचत नाही अशी जागा जगात असते हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मग बाईंनी सांगितलं, हिवाळ्यात बर्फावरनं स्कूटर पळवायची, उन्हाळ्यात बोट. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलासाठी खांद्याला बंदूक. झाड म्हणून औषधाला नाही. चार महिने सूर्य मावळत नाही, जवळजवळ तेवढेच महिने उगवत नाही. मी फक्कीचं विसरून तोंड उघडं टाकून ऐकत होतो.

त्या बाई आता आमच्या शाळेत नाहीत. त्या त्याच बेटावर राहतात, मैदानावर माझ्या फक्कीनं काढलेल्या. राजीनामा ईमेलवर आला, तोही दोन ओळींचा. शाळा अजून त्या धक्क्यातनं सावरलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा नाही.

बाई मूळच्या शाहूवाडीकडच्या, डोंगरातल्या एका वाडीवरच्या. घर बौद्ध. लेक प्रज्ञा लहान असतानाच नवरा गेला. त्यानंतर बाईंनी एकटीनं तिला वाढवलं, नोकरी केली आणि सगळ्या शाळेला धाकात ठेवलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायच्या. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी एकदा “मॅडम, आली म्हणा” असं सुचवलं, तर म्हणाल्या, “आलो म्हणा न्हायतर आली म्हणा, येनारं मानूस योकच हाय की.” पाहुण्यांनी पुन्हा व्याकरण काढलं नाही.

डावं-उजवं हे शब्द त्यांना ठाऊकच नव्हते. शिपायाला सांगायच्या, “कपाटाच्या ईशान्येला खडूची पेटी हाय, घेऊन ये.” तो बिचारा कपाटाभोवती फिरत राहायचा. डबा उघडला की, “मास्तर, दक्षिणेकडची चटणी घ्या, उत्तरेकडची लई झणझणीत हाय.” कुठल्याही खोलीत डोळे मिटून पन्हाळा कुठं, जोतिबा कुठं, हे बोट करून दाखवायच्या. आम्ही गच्चीवर जाऊन पडताळा घ्यायचो. बोट कधी चुकलं नाही.

पण इतक्या जगातनं स्वालबार्डच का? हे मी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं.

“आमच्या वाडीला बी रस्ता नव्हता मास्तर. पावसाळ्यात चार महिने आमी तुटलेलं. फरक एवढाच की आमची वाडी नकाशात न्हाय, आनि ते हाय.” चहाचा घोट घेतला आणि हसत हसत पुढं म्हणाल्या, “दुसरं म्हंजे तितं मूळचं असं कुणीच न्हाय. सगळी बाहेरनं आल्याली. त्या गावाला गावकूस न्हाय. तुमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला, असं कुनी इचारत न्हाय.”

बाई हसत होत्या. आम्ही मात्र सगळे एकदम आपापल्या कपात बघायला लागलो. मला त्या चहाची चव लागली नाही.

बाईंचं खरं वाजायचं ते देसाई सरांशी. देसाई सर इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे. बारीक आवाज, इस्त्रीचा शर्ट, घटनेची कलमं तोंडपाठ. बाई स्वालबार्डचा कारभार शिकवायला लागल्या की सर अस्वस्थ. कारभारच तसा अचाट. बेटं नॉर्वेची, पण शंभर वर्षांपूर्वीच्या तहानं तिथं कुणालाही जाऊन राहता येतं, काम करता येतं. त्या तहात आपल्या देशाचंही नाव आहे. व्हिसा मागत नाहीत. पोट भरायची धमक मात्र स्वतःची पाहिजे. आणि वर राजधानीनं नेमलेला एक गव्हर्नर, तोच जिल्हाधिकारी, तोच पोलीसप्रमुख.

“म्हंजे कलेक्टर आनि एसपी योकच?” पोरं हादरली. आमचं कोल्हापूर हे. इथं आठवड्याला एक मोर्चा निघाला नाही तर माणसाला करमत नाही. एकानं उभं राहून विचारलं, “मग बाई, मोर्चा कलेक्टरवर काढला तर अडवनार कोन?”

हा प्रश्न देसाई सरांच्या कानावर गेला आणि ते तडक स्टाफरूममध्ये आले. “बाई, हे नागरिकशास्त्र झालं. हा माझा विषय.”

“तुमचा विषय पुस्तकात हाय सर. माझा जमिनीवर हाय. डोंगर, दरिया, वारं ह्यास्नी तुमचं कलम कळत न्हाय.”

“माणसांना कळतं ना. माणसं डोंगरावर राहतात.”

“ऱ्हाऊ द्यात की. तुमी तुमच्या ग्रामपंचायतीत ऱ्हावा.”

भांडणात बाईंना कुणी हरवलेलं मी तरी पाहिलं नाही.

लेक ह्याच बेटाच्या गोष्टी ऐकत वाढली. प्रज्ञा हुशार, भूगर्भशास्त्र शिकली, नॉर्वेत शिष्यवृत्ती मिळाली, आणि एक दिवस बाईंनी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. “पोरगी पोचली.” कुठं, हे विचारायची गरजच नव्हती. तिथंच एरिक नावाच्या मुलाशी लग्न केलं. दोघांनाही तिथंच, बर्फातली नोकरी होती. बाईंनी लग्न फोनवर बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आम्हाला म्हणाल्या, “तितं हापिसात, हॉटेलात सुदिक बूट भाईर काढून आत जात्यात. मानसं आपल्यावानीच हाईत.” तेवढ्यावर जावई पसंत झाला.

मग गेल्या वर्षी बातमी आली की प्रज्ञाला दिवस गेलेत.

पहिलं बाळंतपण माहेरचं. बाईंच्या बाबतीत ते नुसत्या रीतीपुरतं नव्हतं. प्रज्ञाच्या वेळी त्या स्वतः मरता मरता वाचलेल्या. मलकापूरच्या दवाखान्यात रक्त थांबत नव्हतं, आणि त्यांची आई भाताची लावणी टाकून, ओढा पार करून भिजलेल्या लुगड्यानं येऊन उशाशी बसली. “आईनं हात धरला म्हनून मी हाय,” असं बाई सांगायच्या, आणि ते सांगताना त्यांचा आवाज तेवढ्यापुरताच खाली यायचा. प्रज्ञाला त्यांनी शब्द दिलेला, तुझ्या वेळी मी तुझ्या उशाशी असणार. जग इकडचं तिकडं झालं तरी.

प्रज्ञाला एवढ्या लांबचा प्रवास डॉक्टरांनी नको सांगितला. म्हणून बाईच जायला निघाल्या. आणि तेव्हा आम्हाला आणखी एक धक्का बसला. स्वालबार्डला बाळंतपणच करत नाहीत!

“बंदी हाय?” आमच्या गणिताच्या जोशी बाईंनी छातीला हात लावला.

“बंदी न्हाय वो, सोय न्हाय. दवाखाना हाय, पन ल्हान. दिवस भरत आले की बाईनं आधीच काही आठवडं विमानानं खाली नॉर्वेत जायाचं, ट्रॉम्सोला. तितं मोठा दवाखाना हाय.”

“म्हणजे त्या गावात कुणी जन्मतच नाही?” जोशी बाईंचा विश्वास बसेना.

“न्हाय. म्हनून तर कुनी मूळचं न्हाय.” बाईंना ह्याचंही कौतुक.

प्रज्ञा सांगत होती, आई, तू थेट ट्रॉम्सोलाच ये, मी तिथंच येते. बाई ऐकायला तयार नाहीत. “आयुष्यभर जे बेट शिकिवलं, त्याच्या दारावरनं न बघता जाऊ व्हय? आधी बेटावर येतो, मग दोघी मिळून खाली जाऊ.” सगळं ठरलं. नॉर्वेतनं जावं लागतं म्हणून तिथला व्हिसा काढला. तो आला तेव्हा बाईंनी पासपोर्ट स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला.

देसाई सरांनी चष्मा लावून तो वाचला. परत वाचला. “बाई, ह्यावर प्रवेश एकदाच लिहिलाय.”

“मग? मी एकदाच चाललोय.”

“तसं नाही. नॉर्वेत उतरलात की एक प्रवेश झाला. तिथनं बेटावर गेलात की तुम्ही व्हिसाच्या हद्दीबाहेर. बेटावरनं खाली यायचं म्हणजे परत प्रवेश. दुसरा.”

“आवं, बेट नॉर्वेचंच हाय की!”

“जमीन नॉर्वेची आहे. हद्द वेगळी आहे.”

“सर,” बाई हसल्या, पासपोर्ट काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. “स्वालबार्डला व्हिसा लागत न्हाय. हे मी तुमी नोकरीला लागायच्या आधीपासनं शिकीवतोय. तुमी मला स्वालबार्ड सांगू नगा. माझा विषय भूगोल हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. देसाई सरांनी चष्मा पुसला आणि तासाला गेले. त्या माणसाला अजून जोर करून सांगायची सवय असती तर! पण बाईंपुढं कोण जोर करणार?

बुद्धपौर्णिमेची खीर आम्हाला खायला घालून बाई निघाल्या. पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, बाळाला टाळू भरायला तेल, आणि अंगावर साडीवरनं नातवंडांनी घालावा तसला जाड जांभळा कोट. स्टँडवर पोचवायला आम्ही सगळे. “उत्तरेला चाललो,” बाई खिडकीतनं ओरडल्या, आणि मुंबईची गाडी सुटली.

पोचल्यावर त्यांनी पहिला व्हिडिओ कॉल केला तो सुट्टीत, आमच्या सगळ्यांच्या घरी एकदमच. मागं काळे डोंगर, बर्फाचे पट्टे. बाईंचा चेहरा पोरीसारखा झालेला. “मास्तर, तुमच्या फक्कीत चूक व्हती! हितला फाटा पूर्वेला जरा जास्त हाय!” मग विमानतळावरची गंमत सांगितली. बेटाच्या विमानात बसायच्या आधी पासपोर्ट तपासणाऱ्या माणसानं त्यांना काहीतरी दोनदा सांगितलं आणि एक बोट वर केलं. “मी म्हटलं, येस येस, फर्स्ट टाइम! त्यो परत बोट वर करतोय. मी बी बोट वर केलं. हसला बिचारा, शिक्का मारला.”

आम्ही सगळे हसलो. देसाई सर हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “कोणता शिक्का, बाई?” तोवर बाई दुसऱ्या कोणाशी बोलायला लागल्या होत्या.

शिक्का बाहेर पडल्याचा होता. एक बोट म्हणजे एक प्रवेश, आणि तो संपला होता. प्रज्ञासोबत ट्रॉम्सोची तिकिटं काढायला गेल्यावर हे कळलं. बाईंना बेटावर राहायला कुणाचीच हरकत नव्हती, हवं तर जन्मभर राहा. पण बेटावरनं खाली उतरायला मात्र कागद नव्हता. जगातल्या ज्या जागेला कुणालाच व्हिसा लागत नाही म्हणून बाई आम्हाला इतकी वर्षं ओरडून सांगत होत्या, तिथंच त्या व्हिसावाचून अडकल्या. अशी चूक माझ्याकडनं झाली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. कांबळे बाईंकडनं?

गव्हर्नरच्या कचेरीतली माणसं चांगली होती, असं बाईच म्हणाल्या. बूट काढून आत गेल्या, त्यांनी कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं, नवा कागद मागवला. पण त्याला दिवस लागणार होते. आणि प्रज्ञाला थांबता येत नव्हतं; नियमाप्रमाणं तिला खाली जायलाच हवं होतं. तारखेला अजून अवकाश आहे, तोवर कागद येईल, असं सगळ्यांनी धरलं. एरिक तिला घेऊन गेला. बाई लेकीच्या घरात एकट्या राहिल्या, लाडवांच्या डब्यासह.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास. स्टाफरूममध्ये मी आणि देसाई सर, दोघंच. माझा फोन वाजला. बाई.

मी फोन टेबलावरच्या पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. पडद्यावर बाई खुर्चीत बसलेल्या, मागं खिडकीत लख्ख ऊन. त्यांनी दोन्ही हात मांडीवर गच्च धरले होते.

“मास्तर, दुखायला लागलंय तिला. आधीच लागलंय. रगत थांबंना झालंय.” आवाज इतका बारीक, की मला वाटलं फोन बिघडला. “आत घेऊन गेल्यात. एरिकला बी भाईर थांबिवलंय. नेताना फोनवर म्हनत व्हती, आई ये, आई ये. मी म्हटलं, आलो, आलो.” बाई थांबल्या. “आलो म्हटलं मी तिला. आनि मी हितं बसलोय.”

माझ्या सगळ्या आयुष्यात पोरांना ‘रडू नको, ऊठ’ एवढंच सांगायची मला सवय. ते तिथं कसं सांगणार?

“मास्तर, बोलत ऱ्हावा,” बाई म्हणाल्या. “कायबी बोला. गप बसू नगा.”

मी कबड्डीच्या संघाबद्दल बोललो. नवीन जर्सीबद्दल बोललो. मग माझं संपलं. आणि देसाई सरांनी खुर्ची ओढली, समोरचं आठवीचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. नागरिकशास्त्र. त्या माणसाजवळ दुसरं होतंच काय! संसदेची सभागृहं, सदस्यांची निवड, सगळं त्यांच्या त्या कोरड्या आवाजात. मला इतकं चमत्कारिक वाटलं, की मी त्यांना थांबवायला हात वर केला.

“वाचा सर,” पडद्यावरनं बाई म्हणाल्या. “थांबू नगा.”

सर वाचत राहिले. धडा संपला, दुसरा घेतला. तासाची घंटा झाली, त्यांचा तास होता, गेले नाहीत. जोशी बाई आल्या, बघितलं, दारातच उभ्या राहिल्या. शिपाई आला तो तिथंच थांबला. कांबळे बाई एकटक बघत होत्या, आमच्याकडं नाही, कुठंच नाही. भिंतीवर पाठ टेकून मी उभा होतो. जन्मभर दिशा सांगणारी बाई एका खोलीत बसलेली, आणि लेक समुद्रापलीकडं, आणि अडवणारं पाणी नाही, डोंगर नाही, वारा नाही, एक नसलेला शिक्का.

तिकडं दुसरा फोन वाजला. बाईंनी तो कानाला लावला. देसाई सर वाक्याच्या मध्यावर थांबले.

एरिक बोलत असणार. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. बाई नुसत्या “येस” म्हणत होत्या. एकदा. परत एकदा. मग काहीच नाही. चेहऱ्यावरनं काही कळेना. जोशी बाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले.

बाई उठल्या. आमच्याकडं न बघता, आमचा फोन तसाच चालू टाकून, त्या पडद्याबाहेर गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला. पडद्यावर नुसती खुर्ची आणि खिडकीतलं ऊन.

आणि मग बाहेरनं तो आवाज आला. आमच्या मैदानाच्या पलीकडं जायचा तोच, पुरा, फाटलेला.

“ओ पावणं! ओऽ पावणं! पोरगी वाचली माझी! दोघीबी वाचल्या! ऐकलासा का, दोघीबी वाचल्या की वोऽ!”

कुणाला सांगत होत्या कोण जाणे. रस्त्यावर कुणी नॉर्वेचा असेल, कुणी थायलंडचा, कुणी फिलिपीन्सचा. एक शब्द कळला नसेल त्यांना. कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं, हसल्यासारखं वाटलं. बाई पुढं गेल्या, पुन्हा ओरडल्या, मग आणखी पुढं. आवाज लांब लांब जात राहिला.

शिपाई रडत होता. मी फोन बंद करायला हात पुढं केला, तर देसाई सरांनी माझं मनगट धरलं.

“राहू दे,” म्हणाले. “ओरडू दे त्यांना.”